कुर्त्याखाली बाळगायचं पिस्तूल: सिग पी३६५, दीड वर्ष वापरून झाल्यावर

दीड वर्ष झालं, कामाच्या प्रत्येक दिवशी हे पिस्तूल माझ्या कमरेला असतं आणि नेमबाजीच्या रेंजवर साधारण दीड हजार गोळ्या त्यातून मारून झाल्यात, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. इथल्या मराठी मैत्रिणींपैकी चार-पाच जणींनी फोन करून विचारलंय की कुठली गन घेऊ, आणि प्रत्येकीला तेच तासभर सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढते. नेटवर रिव्ह्यू ढीगभर आहेत पण बहुतेक सगळे जीन्सला जाड पट्टा लावणाऱ्या उंच पुरुषांनी लिहिलेले. माझी उंची पाच फूट दोन इंच, पंजा लहान, आणि आठवड्यातले निम्मे दिवस अंगात कुर्ता. त्यांचं गणित मला लागू पडत नाही.

मी डॅलसच्या बाजूला रिअल इस्टेटचं काम करते. म्हणजे अनोळखी माणसाचा फोन येतो, आणि मी एकटी जाऊन रिकाम्या घराचं कुलूप उघडते, त्याला बेडरूम दाखवते, मागचं गॅरेज दाखवते. २०१४ मध्ये अर्कान्सामध्ये आमच्याच धंद्यातल्या एका बाईला असंच घर बघायचंय म्हणून बोलावलं, पळवून नेलं आणि मारलं. ती केस आमच्यात सगळ्यांना माहीत आहे. तरी आपल्यावर वेळ येईल असं कधी वाटत नाही, आणि मग एका दुपारी एक गिऱ्हाईक माझ्या आणि दाराच्या मधे उभं राहिलं आणि हलेना. काही झालं नाही, पाचेक मिनिटांनी तो निघून गेला, पण ती पाच मिनिटं मी फोनकडे बघत उभी होते आणि माझ्या लक्षात आलं की पोलीस यायला किमान दहा मिनिटं लागणार. आता आधी पेपर स्प्रे, आधी सोबत कुणीतरी, आधी गिऱ्हाइकाचं आयडी ऑफिसात मागवणं, हे सगळं मी करते आणि ते आधीच करायचं. गन त्या सगळ्याच्या नंतर.

एक गोष्ट सगळ्यात पहिल्यांदा, कारण आपल्या लोकांत याचा भयंकर गोंधळ आहे. एच-वन, एच-फोर, एल-वन, एफ-वन असल्या व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने गन विकत घेणंच नाही, बाळगणंही गुन्हा आहे. शिकारीच्या लायसन्ससारखे काही अपवाद आहेत पण ते वकिलाला विचारल्याशिवाय स्वतःच्या मनाने लावू नका, एका चुकीत इथलं सगळं बिऱ्हाड उचलावं लागेल. ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिप असेल तर घेता येते. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, त्यात खरं तेच लिहायचं, मग बॅकग्राउंड चेक होतो. ग्रीन कार्डवाल्यांनी कार्ड बरोबर न्या, त्यावरचा नंबर लागतो.

आता दुकान. मी पहिल्या ज्या दुकानात गेले त्याचं नाव घेत नाही, पण तिथल्या सेल्समनने मला बघितलं आणि काही न विचारता काउंटरवर गुलाबी मुठीचं छोटं रिव्हॉल्व्हर ठेवलं. म्हणे लेडीजसाठी हेच बेस्ट, सोपं, हलकं, पर्समध्ये मावतं. त्या एका वाक्यात तीन चुका होत्या हे मला नंतर कळलं, आणि हा सल्ला ऐकून किती बायकांनी पैसे घालवले असतील याचं मला अजून वाईट वाटतं. नवरा शेजारी उभा होता, तो एवढंच म्हणाला, "घाई नको गं, आधी मारून तर बघ." तेच ऐकलं म्हणून वाचले.

कारण लहान आणि हलकी गन वापरायला सोपी असते ही समजूतच उलटी आहे. गोळी तीच, दारू तेवढीच, मग गन जितकी हलकी तितका तिचा धक्का तुमच्या हातात जास्त येणार. बॅरल, म्हणजे नळी, आखूड असली की नेम धरायच्या पुढच्या आणि मागच्या खुणा, म्हणजे साइट, जवळजवळ येतात, मग नेमात थोडीशी चूक झाली तरी गोळी बरीच बाजूला. त्यात हॅमर आत लपलेल्या छोट्या रिव्हॉल्व्हरचा चाप खूप जड असतो, स्मिथ अँड वेसनच्या ६४२ चा बारा पौंडांच्या आसपास, आणि रिव्हॉल्व्हर स्वतः पंधरा औंससुद्धा नाही. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट जोर एका बोटाने लावायचा आणि तेवढ्यात नेम हलू द्यायचा नाही. वर्षानुवर्षं मारणाऱ्याला ते जमतं. त्याच्यात उत्तम बाजूपण आहेत, खिशातूनही काढता येतं, जाम व्हायचा प्रश्न फारसा नाही, पण नव्या माणसाच्या हातात द्यायची ही वस्तू नव्हे. आणि गोळ्या पाच.

मग मी रेंजवर गेले जिथे गन भाड्याने मिळतात, आणि दोन शनिवारांत पाच गन मारून बघितल्या. हा खर्च कुणी टाळू नका. दोन्ही दिवसांचं मिळून भाडं आणि गोळ्या धरून दीडशे डॉलर गेले असतील, पण पाचशे डॉलरची चुकीची गन कपाटात पडून राहण्यापेक्षा हे स्वस्त.

६४२ वर आधीच लिहिलं, दहा गोळ्यांनंतर माझ्या अंगठ्याच्या बेचक्यात लाल वळ उठला. रुगरची एलसीपी मॅक्स ही सगळ्यात चिमुकली, ३०० ग्रॅम फक्त, .३८० ची म्हणजे ९ एमएमपेक्षा कमी जोराची गोळी, दहा गोळ्यांचं मॅगझिन, कुठेही लपते. पण मूठ इतकी बारीक की हातात साबणाची वडी धरल्यासारखं वाटतं, प्रत्येक गोळीनंतर पकड नव्याने घ्यावी लागत होती. ग्लॉक ४३एक्स मात्र मला फार आवडली. मूठ सडसडीत आणि पूर्ण लांबीची, तिन्ही बोटं नीट बसतात, सात यार्डांवर माझ्या सगळ्या गोळ्या एका बशीत मावतील इतक्या जवळ लागल्या. स्मिथ अँड वेसनची शील्ड प्लसपण चांगली, चाप बाकीच्यांपेक्षा मऊ, आणि ज्यांना अंगठ्याने लावायची सेफ्टी हवी त्यांना तशी मिळते, दहा आणि तेरा गोळ्यांची मॅगझिन येतात.

पाचवी सिग पी३६५. ही २०१८ मध्ये आली तेव्हा एवढ्याशा पिस्तुलात दहा गोळ्या बसतात हीच मोठी गोष्ट होती, तोवर या साइजमध्ये सहा-सात मिळायच्या. ९ एमएम, बॅरल ३.१ इंच, जाडी एक इंच, उंची ४.३ इंच, रिकाम्या मॅगझिनसकट अर्धा किलो. सगळ्या कंपन्यांनी पुढे जे काढलं त्याला ढकलणारं हेच मॉडेल.

खरं सांगायचं तर रेंजवर मी ग्लॉक ४३एक्स जास्त चांगली मारत होते. मग सिग का घेतली? कुर्त्यामुळे. ४३एक्सची मूठ सिगपेक्षा साधारण पाऊण इंचाने जास्त लांब, आणि लपवायला त्रास बॅरल देत नाही, मूठ देते, कारण बॅरल पँटच्या आत जातं आणि मूठ वर बाहेर राहते. मी मैत्रिणीची ४३एक्स रिकामी करून, दोनदा तपासून, घरी कमरेला लावून बघितली, अंगात रेयॉनचा पातळ कुर्ता, आणि खाली वाकून घराच्या किल्लीचा लॉकबॉक्स उघडल्यासारखं केलं तर मागून मुठीचं टोक स्पष्ट वर आलं. यालाच इथे प्रिंटिंग म्हणतात. सिग लावून तेच केलं तर काही दिसलं नाही. जीन्स आणि वरून जाकीट हा तुमचा रोजचा वेष असेल तर माझा सल्ला बिनदिक्कत ४३एक्स किंवा शील्ड प्लस, मोठी मूठ घ्या. नियम माझ्यापुरता असा ठरला की तुमच्या नेहमीच्या कपड्यांत लपेल अशी सगळ्यात मोठी गन घ्यायची, सगळ्यात छोटी नाही, आणि माझ्या कपड्यांत ती पी३६५ होती.

आता तिच्याबद्दल नीट. पुढच्या साइटवर हिरवा गोल आहे, अंधारातही चमकतो, बंद पडद्यांच्या घरात हे कामाचं. चाप सरळ, कुठे अडकत नाही, पण एकदम हलकाही नाही आणि तसाच हवा. बॉक्समध्ये दहाची दोन मॅगझिन आली, एक तळाशी सपाट आणि एकाला करंगळी टेकवायला ओठ. सपाट मॅगझिन लावलं तर माझी करंगळी हवेत राहते आणि ओठवालं लावलं तर जेमतेम टेकते, मी तेच वापरते. बारा आणि पंधराची मॅगझिनही मिळतात, रेंजवर बारा लावलं की हीच गन एकदम मोठी झाल्यासारखी वाटते. असल्या सगळ्या छोट्या पिस्तुलांच्या मॅगझिनची स्प्रिंग नवीन असताना कडक असते, शेवटची गोळी आत ढकलताना नखं दुखतात, दहा डॉलरचा लोडर मिळतो तो घ्या. आणि मूठ बदलता येते, म्हणजे आतला मुख्य भाग, ज्याच्यावर नंबर असतो, तो काढून दुसऱ्या मापाच्या मुठीत बसवता येतो. हात मोठा असेल त्यांना याचा उपयोग.

धक्का आहे. ९ एमएमची गोळी अर्ध्या किलोच्या वस्तूतून जाते, धक्का असणारच. पहिल्या दोनशे गोळ्यांत माझ्याकडून दोनदा रिकामं काडतूस बाहेर पडताना अडकलं, आणि शिकवणाऱ्या बाईंनी बघून लगेच सांगितलं की गन ठीक आहे, तुझं मनगट ढिलं आहे. हात घट्ट केल्यावर पुन्हा झालं नाही.

स्लाइड, म्हणजे गोळी चढवायला मागे ओढायचा पिस्तुलाचा वरचा भाग, ओढता येत नाही ही आपल्या बायकांची नेहमीची तक्रार, आणि सेल्समन याच्यावरच बोट ठेवून रिव्हॉल्व्हर गळ्यात मारतो. चिमटीत धरून ओढाल तर कुणालाच यायची नाही. डावा तळवा स्लाइडवर वरून पालथा टाकायचा, पिस्तूल छातीजवळ आणायचं, नळी समोर टार्गेटकडेच, बोट चापाबाहेर, आणि डावा हात घट्ट ठेवून उजव्या हाताने गन पुढे ढकलायची. पाट्यावर वरवंटा ढकलताना आपण बोटांनी ढकलतो का, अख्खं अंग लावतो ना, तस्संच. मला दुसऱ्या दिवशी जमलं. तरीही नाहीच जमलं, संधिवात वगैरे असेल, तर स्मिथ अँड वेसनची शील्ड ईझी नावाची .३८० मधली गन बघा, तिची स्लाइड मुद्दाम हलकी ठेवलीय. आमच्या ओळखीच्या एक मावशी आहेत, वय ६७, बोटं वाकडी झालेली, त्यांनी ती मारून बघितली आणि तीच घेतली, आज माझ्यापेक्षा शांतपणे मारतात. सिगचंही .३८० मधलं पी३६५ आहे, त्याची स्लाइडही सोपी.

आता होल्स्टर, म्हणजे गन ठेवायचं म्यान, आणि इथे मी गनपेक्षा जास्त लिहिणार आहे कारण माझी सगळ्यात मोठी चूक इथेच झाली. पाचशे डॉलरची गन घेतली आणि होल्स्टर घेतला ऑनलाइन, पंधरा डॉलरचा, मऊ कापडी. दिसायला छान, पोटाला टोचत नव्हता. क्लासमध्ये शिकवणाऱ्या बाईंनी तो हातात घेतला, माझी गन रिकामी करून तीनदा तपासली, आत घातली, आणि मला म्हणाल्या, बाहेरून कापडावर अंगठा दाब. मी दाबला. आत टक् असा आवाज आला, चाप ओढला गेला होता. तो आवाज मी विसरणार नाही. त्याआधी आठ दिवस मी तो होल्स्टर घरात लावून वावरले होते, गन भरलेली नव्हती एवढंच माझं नशीब. होल्स्टर कायडेक्सचा घ्या, म्हणजे कडक प्लास्टिकसारखा, नेमका तुमच्याच मॉडेलच्या मापाचा, चाप पूर्ण झाकणारा. गन काढून घेतल्यावरही त्याचं तोंड उघडं राहायला हवं.

जीन्सवर असेन तर कडक पट्टा आणि कायडेक्स, प्रश्न मिटला. पण लेगिंग किंवा सलवारवर काय? नाडीवर गन लटकत नाही. मी फिल्स्टर कंपनीचं एनिग्मा घेतलं, यात गन पँटला अडकवायचीच नसते, त्याचा स्वतःचा पट्टा कमरेला आतून बांधायचा आणि एक बारीक दोरी मांडीला, वरून लेगिंग, वरून कुर्ता. महाग आहे, होल्स्टर धरून शंभराच्या बराच वर जातं, आणि पहिले दोन आठवडे रोज पट्टे सैल-घट्ट करण्यात गेले, पण आता गाडीत बसताना-उठतानासुद्धा जागचं हलत नाही. कुर्ता मांडीपर्यंतचाच बरा, गुडघ्याखालचा असेल तर उचलायला दोन हात लागतात आणि तेवढा वेळ मिळणार नाही. ओढणी कामाच्या दिवशी बंद. मी रिकाम्या गनवर आरशासमोर सराव करताना तीनदा ओढणीच गनबरोबर बाहेर आली.

आणि गोंडे. कुर्त्याच्या बाजूला नाडीला जे शोभेचे गोंडे लोंबतात ते कापून टाका. गन परत होल्स्टरमध्ये ठेवताना असला गोंडा किंवा कापडाची घडी चापाच्या खोबणीत गेली तर गोळी सुटते, आणि ती तुमच्याच मांडीत जाते. काढताना घाई असेल, ठेवताना कधीच घाई नसते. कुर्ता पूर्ण वर धरायचा, खाली बघायचं, सावकाश ठेवायचं.

पर्समध्ये ठेवू नका. मला माहीत आहे सोपं वाटतं, खास गनचा कप्पा असलेल्या सुंदर पर्स मिळतात. २०१४ च्या डिसेंबरमध्ये आयडाहोत एका मोठ्या दुकानात दोन वर्षांच्या मुलाने आईच्या असल्याच पर्समधून गन काढली आणि गोळी सुटून आई तिथेच गेली. पर्स आपण खुर्चीवर ठेवतो, दुसऱ्या कुणाकडे देतो, मुलं चॉकलेट शोधायला हात घालतात. कमरेची गन कमरेलाच राहते.

घरी आल्यावर ती लगेच तिजोरीत. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, बेडरूममध्ये बटणांची छोटी तिजोरी भिंतीला बोल्टने ठोकलीय, कोड आम्हा दोघांनाच माहीत. टेक्सासमध्ये निष्काळजीपणे ठेवलेली भरलेली गन १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागली तर तो गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी मी हेच केलं असतं. मुलीपासून आम्ही हे लपवून ठेवलं नाही, सांगितलंय की मैत्रिणीच्या घरी कधी दिसली तर हात लावायचा नाही, तिथून निघायचं आणि मोठ्यांना सांगायचं.

गोळ्या दोन प्रकारच्या लागतात. सरावाला साधी तांब्याच्या वेष्टणाची, स्वस्त. बाळगायला हॉलो पॉइंट, जिचं टोक पोकळ असतं, ती आत जाऊन उमलते आणि सहसा आतच थांबते, मागच्या माणसाला लागायची भीती कमी. चाचणीच्या जेलीच्या ठोकळ्यात गोळी १२ ते १८ इंच जायला हवी असं एफबीआयचं माप आहे, फेडरल एचएसटी आणि स्पीअर गोल्ड डॉट या दोन्ही नावाजलेल्या. मी १२४ ग्रेन वजनाची एचएसटी ठेवते. घेतल्यावर निदान एक-दोन डबे त्याच गोळ्यांचे मारून बघा की तुमच्या गनमध्ये अडकत नाहीत. इथल्या घरांच्या आतल्या भिंती शीटरॉकच्या, गोळी दोन-तीन भिंती आरपार जाते, तेव्हा चुकलेली गोळी कुणाच्या खोलीत जाईल हे डोक्यात पाहिजेच.

लायसन्सचं म्हणाल तर टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या बहुतेकांना लायसन्सशिवायही गन बाळगता येते, तरी मी लायसन्स काढलं आणि तुम्हीपण काढा. फी ४० डॉलर, चार ते सहा तासांचा क्लास, आणि रेंजवर ५० गोळ्या तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून. परीक्षा अवघड नाही. पण क्लासमध्ये पहिल्यांदा कळलं की गोळी कधी चालवायची नाही, आणि तो भाग फार मोठा आहे. शिवाय दुसऱ्या काही राज्यांत हे लायसन्स चालतं. दारावरच्या पाट्या वाचायची सवय लावा, ३०.०६ ची पाटी असेल तर लायसन्सवाल्यालाही लपवून नेता येत नाही, आणि लाल ५१ टक्क्यांची पाटी म्हणजे बार, तिथे अजिबात नाही. आमच्या मंडळाचे कार्यक्रम कधी कधी शाळेच्या हॉलमध्ये असतात, गणपतीचासुद्धा. शाळेच्या इमारतीत गन चालत नाही. त्या दिवशी गन घरीच, नऊवारीखाली कुठे लपवू हा प्रश्नच येत नाही.

सांगलीला आईला सांगितलं तेव्हा ती फोनवर बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "रोज लावतेस ती? आणि रात्री झोप लागते का तुला?" लागते, आई. आधीपेक्षा बरी लागते.

शेवटचं एक, भारतात जाणाऱ्या सगळ्यांसाठी. रेंजला जायची बॅग वेगळी ठेवा आणि ती बॅग कधीही प्रवासाला नेऊ नका. रेंजवरून येताना एखादी गोळी खिशाच्या शिवणीत, बॅगेच्या कोपऱ्यात राहून जाते, बोटाच्या पेराएवढी वस्तू ती. मुंबईच्या विमानतळावर स्कॅनरमध्ये एक जिवंत काडतूस सापडलं तरी आर्म्स अॅक्टची केस होऊ शकते, आणि ९ एमएम तर तिथे सामान्य लायसन्सवर मिळतच नाही. मी मागच्या डिसेंबरला निघताना सगळ्या बॅगा पलंगावर उलट्या करून झटकल्या, जाकिटाचे खिसे बाहेर काढले. जुन्या हँडबॅगेच्या अस्तरात एक सापडली.